नरक्याच्या लाकडात कॅन्सरवरचं औषध आहे, मग काढा का चालत नाही?

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा चौथ्या टप्प्यातला कॅन्सर बरा होण्याचं श्रेय हळद, कडुलिंब, लिंबूपाणी अशा आहाराला दिलं. व्हिडिओ घराघरांतल्या ग्रुपवर पोहोचला. लगेच मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांनी पत्रक काढलं: याला ठोस पुरावा नाही, उपचार लांबवू नका. त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि किमोथेरपीही झाली होती, पण फॉरवर्डमधून नेमकं तेवढंच गळून पडतं.

मग वनस्पतींपासून कॅन्सरची औषधं होतात, हे खोटं का? अजिबात नाही. त्यातल्या दोन मोठ्या शोधांत तर नंदुरबारमध्ये जन्मलेला माणूस आहे. मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात शिकले आणि पुढे अमेरिकेत गेले. तिथे मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं आणि १९७१ मध्ये यू वृक्षाच्या सालीतल्या टॅक्सॉलची रचना जाहीर केली. टॅक्सॉल आज स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरवर सर्रास वापरलं जातं.

कॅम्प्टोथेसिनची गोष्ट मात्र जास्त बोलकी आहे. हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही सापडतं. सत्तरच्या दशकात ते रुग्णांना देऊन पाहिलं, तर मूत्राशयातून रक्तस्राव होण्यापर्यंत दुष्परिणाम झाले आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. ते पेशीत नेमकं काय करतं, हे १९८५ च्या सुमारास कळलं: डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमला ते अडकवून ठेवतं. मग रेणूत बदल करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं तयार झाली, त्यांना अमेरिकेत १९९६ मध्ये मंजुरी मिळाली. म्हणजे शोधापासून औषधापर्यंत तीस वर्षं.

सदाफुलीचंही तसंच. तिच्यातलं व्हिन्क्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर देतात, पण मात्रा अगदी मोजून. जास्त झालं तर मज्जातंतूंना इजा होते, जीवही जाऊ शकतो. पानं चावणाऱ्याला त्यात किती द्रव्य आहे, हे कसं कळणार? हळदीची अडचण उलटी आहे. तिच्यातलं कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मारतं, पण पोटातून रक्तात जेमतेम पोहोचतं. (भाजीतल्या हळदीबद्दल कुणाची तक्रार नाही.)

किमो सुरू असताना काढा किंवा अर्क घेत असाल, तर तो डॉक्टरांना सांगा. काही वनस्पती यकृतात औषध पचवण्याचा वेग बदलतात.

इकडे नरक्याला या सगळ्याची किंमत मोजावी लागते आहे. सिंधुदुर्ग, कोल्हापूरच्या जंगलांतून त्याचं लाकूड चोरून नेलं जातं, वनखातं अधूनमधून साठे पकडतं. काढ्यासाठी नाही, तर अर्क काढणाऱ्या कारखान्यांसाठी.