जिलेटिनचे सोवळे

विकर म्हणजे काय, हे आपल्या मुलांना फळ्यावर शिकवले जाते. व्याख्या लिहून घ्या, परीक्षेत तीच उतरवा, गुण घ्या. वास्तविक विकराचे काम डोळ्यांनी पाहता येते आणि त्यासाठी सुसज्ज प्रयोगशाळा लागत नाही. जिलेटिन, गरम पाणी, काचेचे चार पेले आणि धुण्याची पावडर एवढ्यावर भागते. तरीही प्रयोग टाळला जातो. कारण विचारले तर उत्तर येते, जिलेटिन हाडा-कातड्याचे, ते शाळेत कशाला? हे उत्तर मी एकाहून अधिक ठिकाणी ऐकले आहे.

जिलेटिन हाडा-कातड्याचे असते, हे खरेच आहे. जनावरांच्या कातड्यातले व हाडांतले कोलॅजन शिजवून ते काढतात. औषधाच्या कॅप्सूलचे कवचही बहुधा त्याचेच. ती गिळताना कोणाचे सोवळे मोडत नाही. त्याऐवजी चायना ग्रास आणावे तर ते समुद्री शेवाळाचे. पावडरीतले प्रोटीएज हे विकर फक्त प्रथिन तोडते, चायना ग्रासला ते हातही लावणार नाही. मग मुलांनी पाहायचे काय? वैज्ञानिक दृष्टिकोन हे राज्यघटनेच्या कलम ५१-क मधले मूलभूत कर्तव्य आहे. त्याला सोवळ्याची सूट नाही.

चारही पेल्यांत सारखेच जिलेटिन गोठवावे. एकावर साधे पाणी, दुसऱ्यावर साध्या साबणाचे पाणी, तिसऱ्यावर पाकिटावर ‘एन्झाइम’ असा उल्लेख असलेल्या पावडरीचे पाणी आणि चौथ्यावर तेच पाणी दहा मिनिटे उकळून पूर्ण थंड केलेले. रात्रभर ठेवून घट्ट थर किती खाली गेला ते पट्टीने मोजावे. कोर्टात आम्ही उलटतपासणी घेतो, तेच काम इथे चौथा पेला करतो. तिसऱ्यात जिलेटिन पातळ झाले आणि चौथ्यात झाले नाही, तर करणी साबणाची किंवा सोड्याची नव्हे, विकराचीच. उकळल्याने सोडा सोडाच राहतो, विकर मात्र निकामी होते. साध्या पाण्याचा पेलाही तितकाच महत्त्वाचा. तापमान तीस अंशांच्या पुढे गेले की जिलेटिन आपोआप पातळ होऊ लागते. तो पेलाही पातळ झाला तर त्या दिवसाचा निकाल रद्द. पावडरीला ना शिक्षा, ना शाबासकी. आणि जाहिरातीतल्या हळद-तेलाच्या डागाबद्दल हे पेले काहीच सांगत नाहीत. रक्त, दूध, अंडे यांच्या डागांत प्रथिन असते, तेवढ्यापुरतीच ही साक्ष.

मुळात ही विद्या आली कुठून? कातडे कमावण्यातून! युरोपात चुन्यातून काढलेले कातडे मऊ करायला कुत्र्याची विष्ठा वापरत. त्या विष्ठेत नेमके काम कशाचे, याचा शोध जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो र्‍योम यांनी घेतला आणि तिच्या जागी जनावरांच्या स्वादुपिंडातली विकरे वापरली. १९०७ साली भागीदारीत कंपनी काढली आणि १९१३ साली तशीच विकरे कपडे धुण्यासाठी वापरण्याचे पेटंट घेतले. तिथे कातड्याच्या कुंडापाशी शास्त्रज्ञ येऊन उभा राहिला. इथे त्याच कुंडापाशी पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या ढोर समाजाला गावाबाहेर ठेवले गेले आणि त्यांच्या हातातले ज्ञान लिहून घ्यावे असे लेखणीवाल्यांना वाटले नाही. आज त्यांचीच नातवंडे वर्गात बसलेली असताना जिलेटिन अमंगळ म्हणून प्रयोग बंद ठेवायचा, याला शिक्षण म्हणायचे काय?

शिक्षक बांधवांनी एक काळजी मात्र घ्यावी. १९६० च्या दशकात जिवाणूंपासून काढलेली विकरे पावडरीत आली, तेव्हा त्यांची धूळ छातीत जाऊन ब्रिटनमधल्या कारखान्यातील कामगारांना श्वसनाचे विकार जडले. १९६९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले. विकराच्या कणांवर आवरण चढवण्याची सुधारणा त्यानंतरची, म्हणजे आधी मजुरांची फुप्फुसे गेली. म्हणून पावडर मुलांना हुंगू किंवा उधळू देऊ नये, ती शिक्षकांनीच पाण्यात कालवावी. विदर्भ-मराठवाड्यातल्या शाळांनी हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीतच उरकावा. मार्चपर्यंत थांबलात तर चारही पेले पातळ झालेले सापडतील.