पुसलेलं मोजायचं कसं?

आमच्या लॅबमधला एक चिनी सहकारी मध्यंतरी त्याच्या आईला वीचॅटवर एका बातमीचा फोटो पाठवत होता. त्याच्या फोनवर फोटो गेलेला दिसत होता, पण तिकडे आईच्या फोनवर काहीच आलं नव्हतं. 'पाठवता आला नाही' अशी सूचनाही नव्हती. त्याने दोनदा पाठवून पाहिला, मग खांदे उडवले आणि 'जेवलीस का?' असं विचारलं. तो मेसेज मात्र लगेच पोचला.

मला आमच्या आजोबांची एक गोष्ट आठवली. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली, तेव्हा 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. आजोबा म्हणायचे, तो अग्रलेख जितक्या लोकांनी 'वाचला' तितका एरवी कोणी वाचत नाही. इथून काहीतरी काढलंय, हे कोऱ्या जागेवरून सगळ्यांना कळत होतं. माझ्या सहकाऱ्याच्या आईला कोरी जागासुद्धा मिळाली नाही. आपल्यापर्यंत काही यायचं राहिलंय, हेच तिला ठाऊक नव्हतं.

मी जीवशास्त्रातली, राजकारणाची अभ्यासक नाही. पण 'काहीच दिसलं नाही' या निकालाशी माझा रोजचा झगडा असतो. नमुन्यात एखादं प्रथिन दिसलं नाही, तर त्याचे दोन अर्थ होतात: ते नव्हतंच, किंवा होतं पण धुताना वाहून गेलं. हे ठरवायला कंट्रोल लागतो. मग ज्या समाजात सरकार लोकांचं लिहिलेलं गुपचूप पुसतं, तिथे कंट्रोल कुठून आणायचा? जे पुसलं गेलं ते मोजायचं कसं?

हार्वर्डचे गॅरी किंग आणि त्यांच्या त्या वेळच्या विद्यार्थिनी जेनिफर पॅन व मार्गारेट रॉबर्ट्स यांना याचं उत्तर सापडलं. २०११ मध्ये त्यांनी चीनमधल्या सुमारे १,४०० समाजमाध्यमांवरच्या लाखो पोस्ट प्रकाशित झाल्या झाल्या उतरवून घेतल्या. नंतर त्याच पत्त्यांवर पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं की कोणती पोस्ट अजून आहे आणि कोणती गायब झाली. चीनमध्ये बरंचसं पुसण्याचं काम माणसं करतात आणि माणसांना वेळ लागतो. बहुतेक पोस्ट चोवीस तासांच्या आत जात होत्या, पण तेवढा अवधी संगणकाला पुरेसा होता.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल अनेकांना अनपेक्षित होता. सरकारवर, धोरणांवर, अगदी नेत्यांवर केलेली जळजळीत टीका बऱ्याचदा जागच्या जागी राहत होती. पुसलं जात होतं ते लोकांना एकत्र आणू शकेल असं लेखन. ते सरकारच्या विरोधात आहे की बाजूने, यानेही फारसा फरक पडत नव्हता. घरी बसून शिव्या घाला, पण चौकात जमू नका, असा तो हिशेब होता.

निरीक्षणावरून कारण सिद्ध होत नाही, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्यामुळे या तिघांनी पुढे प्रत्यक्ष प्रयोग केला आणि तो २०१४ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आला. त्यांनी शंभर चिनी संकेतस्थळांवर खाती उघडली, वेगवेगळ्या प्रकारचा मजकूर यादृच्छिक पद्धतीने टाकला आणि काय टिकतं ते पाहिलं. शिवाय चीनमध्ये स्वतःचंच एक समाजमाध्यम उभारलं. त्यासाठी घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर अडवायची साधनं तयारच होती. ती कशी वापरायची, हे ग्राहकसेवेला विचारल्यावर त्यांनी व्यवस्थित समजावून सांगितलं! सेन्सॉर म्हणजे सरकारी कचेरीत लाल पेन घेऊन बसलेला बाबू, हे चित्र इथे मोडतं. सरकार जबाबदारी कंपनीवर टाकतं, कंपनीला परवाना टिकवायचा असतो आणि म्हणून ती गरजेपेक्षा चार ओळी जास्तच पुसते.

आता तुमच्यातले काही जण मनात म्हणतील, 'अहो, पण अफवांचं काय? आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज काय काय येतं ते बघा. कोणीतरी ते थांबवायला नको का?' प्रश्न रास्त आहे. हळदीने सगळे रोग बरे करणारे मेसेज मलाही येतात. म्हणून याच अभ्यासातलं एक उदाहरण नीट पाहू.

मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात अपघात झाला आणि चीनमध्ये अफवा उठली की आयोडीनयुक्त मीठ खाल्लं की किरणोत्सर्गापासून बचाव होतो. मिठासाठी दुकानांपुढे झुंबड उडाली. या अफवेत विज्ञानाचा एक कण होता. अशा वेळी थायरॉइड ग्रंथीत किरणोत्सारी आयोडीन शिरू नये म्हणून साध्या आयोडीनच्या गोळ्या देतात. प्रौढ माणसाच्या एका मात्रेत साधारण १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं. मिठात ते किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे एका मात्रेसाठी तीन किलोहून जास्त मीठ खावं लागेल, आणि त्याआधीच ते मीठ जीव घेईल. या विषयावरच्या पोस्ट मोठ्या प्रमाणात पुसल्या गेल्या. इथपर्यंत आपण म्हणू, बरंच झालं की!

आता त्याच यंत्राचा दुसरा निकाल पाहा. ३० डिसेंबर २०१९ रोजी वूहानमधले नेत्रतज्ज्ञ डॉ. ली वेनल्यांग यांनी वैद्यकीय महाविद्यालयातल्या वर्गमित्रांच्या वीचॅट ग्रुपवर लिहिलं की सार्ससारख्या आजाराचे सात रुग्ण आढळले आहेत, काळजी घ्या. थोड्याच वेळात त्यांनी खुलासाही केला की हा कोरोना विषाणू आहे, नेमका प्रकार अजून ठरवला जातोय. चांगला शास्त्रज्ञ असंच बोलतो: आत्ता एवढं दिसतंय, उरलेलं तपासतोय. ३ जानेवारीला पोलिसांनी त्यांना बोलावलं. खोटं बोलून समाजाची घडी विस्कटल्याचा ठपका असलेला कागद पुढे ठेवला. हे थांबवता येईल का? 'येईल.' समजलं का? 'समजलं.' त्याखाली सही आणि अंगठा.

टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने नंतर दाखवून दिलं की ३१ डिसेंबरलाच वायवाय या चिनी लाइव्हस्ट्रीमिंग सेवेने आपल्या बंदी यादीत या आजाराशी संबंधित ४५ शब्द घातले होते. त्यांत 'वूहान अज्ञात न्यूमोनिया' होता आणि वूहानच्या मासळीबाजाराचं नावही होतं. पुढे वीचॅटवर खात्यांमध्ये चाचणीचे मेसेज पाठवून त्यांनी जानेवारी ते फेब्रुवारी २०२० च्या मध्यापर्यंत अडवल्या गेलेल्या ५१६ शब्दजुळण्या शोधून काढल्या. ७ फेब्रुवारीला डॉ. ली त्याच आजाराने गेले. मार्चमध्ये पोलिसांनी तो ठपका मागे घेतला आणि त्यांच्या कुटुंबाची माफी मागितली.

हा ठपका ठेवला नसता तर जगभरची साथ टळली असती, असं मी म्हणणार नाही. तसा दावा करायला पुरावा नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. मिठाची अफवा आणि डॉक्टरांचा इशारा एकाच फडक्याने पुसले गेले, कारण ते फडकं खरं-खोटं तपासतच नाही. ते लोक जमण्याची शक्यता तपासतं. आणि साथीची पूर्वसूचना ही गोष्टच अशी आहे की ती खरी असेल तर लोक हलणार, बोलणार, गर्दी करणार. तापमापक फोडून ताप उतरत नाही, हे सरकारला कळत नसेल असं नाही. पण खालच्या अधिकाऱ्याला तापापेक्षा तापमापकाची भीती जास्त वाटते. शेवटी वर बसलेल्यालाही खरं तापमान समजत नाही.

'पण हुशार लोक व्हीपीएन वापरतात ना!' हेही मी नेहमी ऐकते. युयू चेन आणि डेव्हिड यांग या अर्थतज्ज्ञांनी तेही तपासून पाहिलं. बीजिंगमधल्या सुमारे १,८०० विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर प्रयोग केला आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना भिंतीपलीकडे जायचं साधन फुकट दिलं. जवळपास निम्म्यांनी ते वापरलंच नाही. ज्यांनी वापरलं, त्यांतलेही फार थोडे परदेशी बातम्यांकडे वळले. मात्र काही विद्यार्थ्यांना काही महिने त्या बातम्या वाचायला प्रोत्साहन दिलं, तेव्हा त्यांना गोडी लागली आणि प्रोत्साहन थांबल्यावरही ते वाचत राहिले. आपण काय गमावतोय हे माहीतच नसेल, तर दार उघडं असूनही माणूस उठत नाही. न दिसणाऱ्या पुसण्याचं खरं यश मला हे वाटतं. ते शब्दांबरोबर कुतूहलही पुसतं.

हे सगळं चीनचं, आपल्याला काय? तुम्ही वीचॅट वापरत असाल, निदान ऑफिसच्या कामासाठी, तर ऐका. सिटिझन लॅबने मे २०२० मध्ये असंही दाखवलं की चीनबाहेर नोंदवलेल्या खात्यांनी आपापसांत पाठवलेले फोटो आणि कागदपत्रंही तपासली जातात आणि त्यांतून चीनमधल्या खात्यांसाठीची गाळणी तयार होते. तुमच्या फोटोला कोणी अडवणार नाही, तो फक्त दुसऱ्या कोणाला अडवायला वापरला जाईल. आणि आखातात राहणाऱ्या आपल्या मंडळींना मी काय सांगणार? अमिरातीत अफवा आणि सायबर गुन्ह्यांविरुद्धचा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. सौदीची सलमा अल-शहाब ब्रिटनमध्ये लीड्स विद्यापीठात पीएचडी करत होती. ती सुट्टीवर घरी गेली आणि ट्विट्सपायी तिला २०२२ मध्ये ३४ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. पुढे शिक्षा कमी झाली आणि २०२५ मध्ये ती सुटली, पण मधली वर्षं कोण परत देणार? मीही परदेशातली पीएचडी विद्यार्थिनी होते. तिचं नाव वाचलं त्या दिवशी मी माझ्या जुन्या पोस्ट चाळत बसले होते.

ऑनलाइन बोलण्याला काहीच नियम नकोत, असं मी म्हणत नाही. लहान मुलांचं शोषण, धमक्या, चिथावणी या गोष्टी कुठल्याही लोकशाहीत काढाव्याच लागतात. पण नवा नियम कुठल्याही देशात आला, आपण राहतो त्या किंवा आपण सोडून आलो त्या, तर मी आता एकच चाचणी लावते: काढलेल्या मजकुराच्या जागी कोरी चौकट दिसते का? लिहिणाऱ्याला कळवलं जातं का, वाचणाऱ्याला कळतं का, कारण लेखी मिळतं का, दाद मागता येते का, आणि बाहेरच्या कोणाला एकूण पुसलेलं मोजता येतं का? हे होऊ शकतं. मजकूर काढण्याच्या नोटिसा लुमेन नावाच्या खुल्या संग्रहात कोणालाही पाहता येतात, कंपन्या स्वतःहून त्या तिथे देतात. जो नियम स्वतःच्या कात्रीची मोजदाद करू देत नाही, तो अफवांसाठी आहे यावर विश्वास ठेवू नका, मग तो आणणारं सरकार तुमच्या आवडीचं का असेना.

त्या दिवशी मी सहकाऱ्याला विचारलं, आईला फोन करून सांगत का नाहीस, की फोटो अडवला म्हणून? तो म्हणाला, "फोनवर?" आणि पिपेट उचलून कामाला लागला.