वास येणारच, असे म्हणू नका

"कोंबड्या म्हटल्या की वास येणारच!" धाराशिव जिल्ह्यात गावोगाव हे वाक्य ऐकू येते. शेडमालक म्हणतो, शेडवर कामाला जाणारी बाई म्हणते आणि शेजारची वस्तीही नाक दाबून तेच म्हणते. आमचे स्पष्ट मत आहे की हा समज चुकीचा आहे आणि आरोग्याला घातकही आहे. शेड कोरडे असेल तर वास फार कमी येतो. उग्र वास सुटला की समजावे, कुठेतरी पाणी मुरते आहे.

कोंबडी वेगळी लघवी करत नाही. तिच्या विष्ठेतच युरिक आम्ल असते. तूस कोरडे असले तर ते बरेचसे तसेच पडून राहते. तूस ओले झाले की जिवाणू त्यापासून अमोनिया वायू तयार करतात. तुसात 20 ते 25 टक्के ओलावा चालतो, 30 टक्क्यांच्या वर गेला की ढेपा धरतात. मोठे झालेले हजार पक्षी दिवसाला दोनशे लिटरच्या आसपास पाणी पितात. त्यातले बहुतेक विष्ठेतून आणि श्वासातून पुन्हा शेडमध्येच येते. ते बाहेर नेण्याचे काम वाऱ्याचे आहे.

हवेच्या दहा लाख भागांत अमोनिया 25 भागांवर गेला की पक्ष्यांचे डोळे आणि श्वासनलिका बिघडू लागतात. माणसाचे डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, दमेकऱ्याचा दमा वाढतो. रोज शेडमध्ये राहणाऱ्याचे नाक या वासाला सरावते, त्यामुळे त्याला धोका कळत नाही. म्हणून बाहेरून आलेल्या माणसाला विचारा, किंवा गुडघ्याएवढे वाकून श्वास घ्या. पक्षी तीच हवा घेत असतात. तोंडाला बांधलेला रुमाल थोडी धूळ अडवतो, वायू अडवत नाही. गरोदर बाई, दमेकरी आणि लहान मुले यांना ओल्या शेडमध्ये कामाला लावू नये. राखणीसाठी शेडमध्येच झोपण्याची पद्धतही बंद व्हावी.

उपाय महागडे नाहीत. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. पत्रा भिंतीबाहेर तीन-चार फूट काढा, म्हणजे पावसाचे फटकारे आत येणार नाहीत. आपला जिल्हा दुष्काळी म्हणून ओळखला जातो, पण 2025 च्या सप्टेंबरात भूम-परंड्यात पुराने काय केले ते सर्वांनी पाहिले. जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड-दोन फूट उंच हवे. पडदे खालून वर ओढायचे असावेत आणि थंडीतही वरची फूटभर जागा उघडी ठेवावी. पाण्याच्या भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला आणा, गळते निपल त्याच दिवशी बदला. तूस रोज खालीवर करा, ढेपा उचलून बाहेर टाका. मूठभर तूस दाबून पाहा. गोळा तसाच राहिला तर ओले, हळूहळू सुटला तर ठीक, नुसती धूळ उडाली तर फार कोरडे. तूस कोरडे राहिले की माश्याही कमी होतात.

चुन्याबद्दल एक इशारा. वास आला की अनेक जण ओल्या तुसावर चुना मारतात. चुन्याने तुसात अडकलेला अमोनिया उलट लवकर सुटतो. पक्षी आत असताना चुना टाकू नका. बॅच गेल्यावर तूस काढा, जमीन धुऊन वाळवा आणि मग चुना लावा. फिनेल शिंपडून, उदबत्ती लावून वास झाकला जातो, वायू तिथेच राहतो.

आता मुख्य मुद्दा. राज्याच्या नावीन्यपूर्ण योजनेत हजार मांसल पक्ष्यांच्या शेडसाठी अनुसूचित जातीच्या लाभार्थ्याला 75 टक्के अनुदान आहे. आपल्या तरुणांनी ते जरूर घ्यावे. मात्र प्रशिक्षणात खाद्य आणि लसीइतकाच वेळ तूस, हवा आणि कामगाराचे आरोग्य यांना मिळावा, अशी मागणी पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाकडे करावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत पोल्ट्री निवासी वस्तीपासून 500 मीटर लांब असावी, असे म्हटले आहे. लहान शेडलाही हेच तत्त्व लावले पाहिजे. गावाची घाण गावकुसाबाहेर ढकलण्याची सवय जुनी आहे. शेडची जागा ठरताना ग्रामसभेत "आमच्या वस्तीकडेच का?" असे विचारणे हा आपला हक्क आहे. आणि शेड आपले असेल तर शेजाऱ्याला आपल्या वासाचा त्रास होऊ न देणे हे आपले कर्तव्य.

घाण आपल्याच वाट्याची असते, हे मानणे आपण 1927 साली महाडला सोडले. मग ओल्या तुसाचा वास तरी का सोसायचा? आज संध्याकाळी शेडमध्ये जा, मूठभर तूस उचला आणि दाबून पाहा.