ऑटिझम सगळ्यांत, तपासणी मात्र मोजक्यांची

'ऑटिझम म्हणजे पैसेवाल्यांची थेरं' असे आपल्याच वस्त्यांत ऐकू येते. आम्हाला हे मान्य नाही.

1943 मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ऑटिझमचे वर्णन केले. त्यांच्याकडे आलेली मुले बहुतांशी उच्चशिक्षित घरांतली होती. त्यावरून हा सुशिक्षितांचा विकार असल्याचा समज पसरला. 1980 मध्ये ब्रिटनच्या लोर्ना विंग यांनी तो खोडला. फरक मुलांत नव्हता. डॉक्टरांच्या दारापर्यंत कोण पोहोचतो, यात होता.

सोलापुरात वेगळे काय? मागाच्या खडखडाटाने कावणारा, कुणाच्या डोळ्यांत न बघणारा कामगार 'घुम्या', 'येडा' ठरतो. शिकलेला असेल तर मुलाखतीत 'आत्मविश्वास नाही' म्हणून बाद होतो आणि वर 'कोट्यातले असेच असतात' हेही ऐकतो. दोन कारणांची शिक्षा एकाच माणसाला!

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांत ऑटिझम आहे. कलम 34 नुसार सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना 4 टक्के राखीव जागा आहेत. त्यातला 1 टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगता, मानसिक आजार आदींसाठी मिळून आहे. पण किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नसेल तर हा हक्क कागदावरच.

आणि प्रमाणपत्रासाठी मोजपट्टी कोणती? शासनाने 2016 मध्ये अधिसूचित केलेली 'इसा'. तिच्या 40 मुद्द्यांत मूल एकटेच तेच ते खेळ खेळते का, हाही एक. तीस वर्षांच्या माणसाला हे कसे लावायचे? प्रौढाच्या निदानातही बालपणाची माहिती लागते. दिवसभर विड्या वळणाऱ्या आईने मूल कधी बोलू लागले याची नोंद कुठे ठेवायची?

'आधी जातीचा प्रश्न, मग हे' असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे एवढेच: ज्याला हा दुहेरी मार बसतो तो आपलाच आहे. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये याच सोलापुरात वसतिगृह काढले. शिक्षणाचा हक्क नुसता मागून भागत नाही, तिथवर पोहोचण्याची सोय करावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून आमची मागणी: शासकीय रुग्णालयांत प्रौढांची ऑटिझम तपासणी मोफत व्हावी, सोलापुरात ती मराठी, तेलुगू, कन्नड या तिन्ही भाषांत व्हावी. आईवडील नसतील तर भावंडांची, शिक्षकांची, सहकाऱ्यांची माहिती ग्राह्य धरावी. आणि आपले काम: दर रविवारी विहारात टेबल मांडून दिव्यांग ओळखपत्राचे अर्ज भरून देणे.

ज्याची मोजणीच होत नाही, त्याला वाटा मिळत नाही. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

जयभीम!