अकरा महिन्यांचा करार आणि कुलूपबंद घरे

भाडेकरार अकरा महिन्यांचाच का असतो? हा प्रश्न मी प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांना आवर्जून विचारतो. "तशी पद्धत आहे," हे उत्तर ठरलेले. खरे उत्तर १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. म्हणून लोकांनी बारातला एक महिना कमी केला. कायदा टाळण्याच्या युक्तीवर देशातील असंख्य संसार उभे आहेत, आणि आम्ही प्रशासक तिला पद्धत म्हणतो.

महाराष्ट्रात तर ही युक्तीही निरुपयोगी आहे. येथील १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा, मग मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्याच अटी, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य. तरीही नोटरीच्या शिक्क्यावर निर्धास्त राहणारे सुशिक्षित घरमालक मला नेहमी भेटतात.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका मला भेटल्या. भविष्यनिर्वाह निधीतून घेतलेली सदनिका त्यांनी कुलूप लावून ठेवली होती. मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, "साहेब, भाडे बुडाले तर चालेल, घर बुडायला नको." माझ्याकडे उत्तर नव्हते.

ही भीती एकट्या त्यांची नाही. २०११ च्या जनगणनेत शहरांमध्ये सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. पुढच्याच वर्षी शासनाच्या तज्ज्ञगटाने शहरी घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख मांडली. कुलपाआड घरे आणि रस्त्यावर माणसे, असे हे चित्र आहे. सगळीच कुलपे कायद्याच्या भीतीने लागलेली नाहीत. किंमत वाढण्याची वाट पाहणारे गुंतवणूकदारही त्यांत आहेत. पण भीतीचा वाटा आमचा आहे.

तो कसा? मुंबईच्या १९४७ च्या कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले. ही व्यवस्था काळाच्या ओघात मनमानी ठरली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाला १९९७ साली सांगावे लागले. दिल्लीसाठी संसदेने १९९५ मध्ये नवा भाडेकायदा संमत केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. पण तो अमलात आणणारी अधिसूचना कधी निघालीच नाही. २०२१ साली केंद्राने आदर्श भाडे अधिनियम मंजूर केला. निवासी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती, स्वतंत्र भाडे न्यायालय, मुदतीनंतर न हलणाऱ्यास पहिले दोन महिने दुप्पट व पुढे चौपट भाडे, अशा त्याच्या तरतुदी. परंतु आदर्श कायदा हा केवळ नमुना असतो. राज्याने स्वीकारल्याशिवाय त्याला हातपाय नसतात.

भाडेकरूचे संरक्षण कमी करा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवणारा, अनामत परत मिळेल की नाही याच्या चिंतेत असणारा नोकरदार हाही याच अविश्वासाचा बळी आहे. जुन्या कायद्यांनी आधीच आत असलेल्याला सांभाळले आणि दाराबाहेर उभ्या असलेल्याला विसरले, हा माझा आक्षेप आहे.

उपाय अवघड नाहीत. एक, नोंदणी इतकी स्वस्त व सोपी करावी की ती टाळण्यात लाभच उरू नये. दोन, भाड्याच्या तंट्यांसाठी पूर्णवेळ अधिकारी नेमावेत. इतर दहा कामांच्या ओझ्याखालील अधिकाऱ्याच्या टेबलावर आणखी एक फाइल टाकू नये. तीन, निकालाची मुदत पाळली न गेल्यास त्याचा जाब विचारला जावा.

कायदा करणे हे काम आम्ही कर्तबगारी मानतो. त्या शिक्षिकेच्या दाराचे कुलूप निघाले का, हे पाहायला मात्र कोणी जात नाही. आमच्या कामाचे मोजमाप तिथे व्हायला हवे.