पुढची ओळ

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारणं नेहमीचीच, ऑफिस आणि आळस. पण गेल्या महिन्यात एक प्रकार घडला आणि त्यावर आत्याशी फोनवर जे बोलायला हवं होतं ते मी धड बोललो नाही. नुसतं "हं, हं" केलं. म्हणून इथे लिहितोय. आत्या वाचेलच, तिला लिंक पाठवणारे घरात पुष्कळ आहेत.

तर झालं असं. माझ्या पुतणीने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एक छोटी फिल्म केली. विषय, वाईजवळचं आमचं बंद घर. संगीत अर्थातच काकाने करायचं, फुकट. माझ्याकडे काकांनी १९८८ साली टू-इन-वनवर भरलेली एक कॅसेट होती. आजी जात्यावर बसली आहे आणि ओव्या म्हणते आहे. मध्येच कुणीतरी पोर रडतं (तो मी नव्हे, मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो), भांडं पडतं, आणि सगळ्याखाली जात्याची घरघर. आजी १९९४ साली गेली. तिचा आवाज असलेली एवढी एकच वस्तू आमच्याकडे आहे.

मी ती कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली, त्यातला एका ओवीचा तुकडा कापला आणि ग्रॅन्युलर प्लगिनमध्ये टाकला.

आता हे प्लगिन म्हणजे काय ते घरच्यांसाठी सांगतो. गाणी करणाऱ्या मित्रांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालतील. कुठलाही आवाज घ्यायचा आणि त्याचे अगदी बारीक तुकडे करायचे, साधारण एक ते शंभर मिलिसेकंदांचे. या प्रत्येक तुकड्याला ग्रेन म्हणतात, म्हणजे दाणा. दाण्याच्या दोन्ही कडा हळूच चढत्या-उतरत्या कराव्या लागतात, नाहीतर प्रत्येक कापाला टक् असा आवाज येतो. मग हे दाणे एकमेकांवर पसरायचे. सेकंदाला किती, किती लांबीचे, मूळ आवाजातल्या कुठल्या जागेवरून उचललेले, सरळ की उलटे, कुठल्या पट्टीत, हे सगळं आपल्या हातात. एकाच जागेवरून दाणे उचलत राहिलात तर काळ तिथेच थांबतो आणि अर्ध्या सेकंदाचा आवाज तासभर वाजत राहतो. जागा थोडी इकडेतिकडे विखुरली की ढगासारखं काहीतरी तयार होतं. मला त्यासाठी रवाळ हा शब्द सुचतो. चांगल्या कढवलेल्या तुपासारखं. पातळ नाही, घट्टही नाही.

कल्पना जुनी आहे. डेनिस गॅबर या शास्त्रज्ञाने १९४७ साली मांडलं की ध्वनी अशा सूक्ष्म कणांचा बनलेला मानता येतो (याच गॅबरला पुढे १९७१ साली होलोग्राफीसाठी नोबेल मिळालं). झेनाकिस या संगीतकाराने टेप कापून-चिकटवून हे करून पाहिलं. कर्टिस रोड्सने १९७४ साली ते कॉम्प्युटरवर केलं, तेव्हा एकेक दाणा एकेका पंच कार्डावर टाइप करावा लागत होता. तीस सेकंदांच्या आवाजाला सुमारे आठशे कार्डं! आज एबल्टन लाइव्हमध्ये रॉबर्ट हेन्केचं ग्रॅन्युलेटर आहे, आउटपुट कंपनीचं पोर्टल आहे, फुकट मिळणारीही कितीतरी आहेत. माउसने एक नॉब फिरवला की आठशे दाणे चहाचा घोट घेईपर्यंत वाजून जातात.

मीही तोच नॉब फिरवला. आजीच्या ओवीत पहिल्या ओळीच्या शेवटी एक लांब "आ" आहे. तिथे मी जागा धरून ठेवली. ऐंशी मिलिसेकंदांचे दाणे, जागेला थोडं विखुरणं, एक सप्तक खाली दुसरा थर, वर भरपूर रिव्हर्ब. रात्री दीड वाजता हेडफोन लावून ऐकलं आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. आमच्या माजघरात देऊळ बांधल्यासारखं वाटलं. पुतणीला पाठवलं, ती खूश. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. अंगठे, हात जोडलेले, डोळ्यांत पाणी आलेले चेहरे, सगळं आलं.

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन. "अरे, ती कॅसेट अडकली आहे का रे? चार मिनिटं ऐकत बसले. पुढची ओळ येईचना."

मी तिला समजावलं की अडकलेली नाही, मुद्दाम तसं केलंय, याला अमुक म्हणतात. ती म्हणाली, "असेल बाबा. पण पुढच्या ओळीत माझं नाव आहे."

मी मूळ कॅसेट परत ऐकली. पहिल्या ओळीत कृष्णेचा घाट येतो, आणि दुसऱ्या ओळीत खरंच आत्याचं माहेरचं नाव. मी कापलेला तुकडा त्याच्या आधीच संपत होता. कापताना मी शब्द ऐकलेच नव्हते. मी "आ" शोधत होतो.

इथे मला जे म्हणायचंय ते सुरू होतं. हे माझ्या एकट्याच्या निष्काळजीपणातून झालं असं मी आठवडाभर स्वतःला सांगत होतो, पण ते पूर्ण खरं नाही. या यंत्राचा स्वतःचा एक कल आहे. क, ट, प अशा व्यंजनांचा स्फोट जेमतेम दहा-वीस मिलिसेकंदांत आटपतो. त्यावर जागा धरलीत तर मशीनगनसारखं तडतडायला लागतं, कानाला नको होतं, म्हणून हात आपोआप सरकून स्वरावर जातो. तिथे सगळं गोड. म्हणजे प्लगिन कुणी न सांगता आपल्याला व्यंजनांपासून दूर नेतं. आणि माणसाचं बोलणं तर व्यंजनांत असतं! आजीचा "ळ", तिचं ओळ संपल्यावर श्वास घेणं, जात्याचा खुंटा पुढे ढकलताना आवाजाला बसणारा हिसका, यांतलं काही त्या ढगात उरलं नाही. उरला एक स्त्री-स्वराचा "आ". तो कुणाचाही असता तरी चाललं असतं. पुतणीने नंतर विचारलंही, की तू सॅम्पल पॅक वापरलास का? मला राग आला, पण तिचं काय चुकलं?

रागसंगीताच्या बाबतीत हे आणखी उघडं पडतं. भूप आणि देशकार, दोघांचे स्वर तेच पाच. सा रे ग प ध. भूपात वादी गंधार, चाल पूर्वांगाची, वेळ संध्याकाळनंतरची. देशकारात धैवत मोठा, ओढ वरच्या अंगाला, वेळ सकाळची. फरक सगळा कशानंतर काय येतं आणि कुठे किती थांबायचं यात. मी हार्मोनियमवर दोन्हींचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे वाजवून (जमेल तसे, हसू नका) त्याच प्लगिनमधून काढले, विखुरणं पूर्ण ठेवून. एकात धैवत जरा जास्त वेळा कानावर पडतो, एवढाच काय तो फरक राहिला. सकाळ-संध्याकाळ एक झाली. तरी हल्ली "इंडियन ॲम्बियंट" म्हणून जे ऐकू येतं त्यात कुणाचीतरी सतार नाहीतर आलाप असाच दळलेला असतो, आणि खाली लोक लिहितात की फार शांत वाटलं. शांत वाटणारच, मीठ-मसाला काढल्यावर कुठलीही आमटी पोटाला शांतच वाटते.

म्हणून हे यंत्र वाईट, असं मी म्हणत नाहीये. झेनाकिसची "काँक्रे पीएच" नावाची एक छोटी रचना आहे, १९५८ सालची. ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात फिलिप्सचा मंडप होता, आपल्या चंदीगढवाल्या ल कॉर्ब्युझियेच्या कचेरीने केलेला, आणि झेनाकिस तिथेच काम करायचा. (आमचा टू-इन-वनही फिलिप्सचाच होता. उगाच आठवलं.) त्या मंडपात ती रचना वाजायची. ती बनली आहे जळत्या कोळशाच्या तडतडीतून. बस्स, एवढ्यातूनच. काचेचा पाऊस पडतोय असं वाटतं. पण कोळशाच्या पुढच्या ओळीची कुणी वाट बघत नसतं. आणि कॅनडातल्या बॅरी ट्रूअक्सने १९८७ साली "द विंग्ज ऑफ नाइकी" केलं ते फक्त दोन उच्चारांच्या तुकड्यांतून, एक पुरुषाचा, एक बाईचा. तिथे मुळात वाक्यच नव्हतं, त्यामुळे कापलं जाण्याचा प्रश्न नव्हता. तो माणूस आवाजाच्या आत शिरून तिथे काय आहे ते बघत होता. मी तसं काही केलं नव्हतं. रात्री दीड वाजता मला अंगावर काटा हवा होता आणि तो तीन नॉबमध्ये मिळाला.

माझी तक्रार आहे ती या सोपेपणाबद्दल. इतर कुठल्याही इफेक्टला चांगला-वाईट आवाज कळतो. वाईट गाण्याला कितीही कॉम्प्रेस करा, वाईटच राहतं. ग्रॅन्युलरमध्ये काहीही टाका, कुकरची शिट्टी टाका, सुंदर होऊन बाहेर येतं. आणि जे काहीही टाकलं तरी सुंदर होतं तिथे आपण टाकण्याआधी ऐकणं सोडून देतो. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी आयुष्यभर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. त्यांनी बाईचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले. मी एकाच बाईची एकच ओवी हातात घेतली, तीही सख्ख्या आजीची, आणि दीड ओळीपुढे गेलो नाही.

पुढच्या शनिवारी बसून नवीन केलं. आजीचा आवाज जसा आहे तसा, टेपच्या सुस्काऱ्यासकट, दोन्ही ओळी. दळली फक्त जात्याची घरघर. ओव्या सुरू होण्याआधी कॅसेटवर अकरा सेकंद नुसतं जातं फिरतंय, ते घेतलं. आणि काय सांगू, हे यंत्र तिथे अक्षरशः रमलं. दगडावर दगड फिरतो तेव्हा मुळातच त्यात हजार बारीक आवाज असतात. दाणे दहा मिलिसेकंदांवर आणले तेव्हा खालची घुमारी गेली. साहजिकच आहे, काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झ, त्याचं एक आंदोलनच चौदा मिलिसेकंदांचं, ते दहात कसं मावणार? राहिली नुसती सरसर, पीठ पडल्यासारखी. परत दीडशेवर नेले तर घरघर आली. हाच नॉब मी तिच्या ओवीखाली हळूहळू फिरवत नेला, दोन तास लागले. अंगावर काटा आला नाही. पण "आई" म्हणून आत्याचा नुसता एक मेसेज आला, रात्री उशिरा.

पुतणीला मात्र पहिलंच आवडतं. तिचं म्हणणं, फिल्म रिकाम्या घराची आहे, त्यात कुणाचं नाव यायला नकोच, आवाज असावा पण माणूस हाती लागू नये. तिचा मुद्दा मला खोडता आलेला नाही. फिल्म तिची आहे, आणि कॉलेजात पहिलंच संगीत लावून दाखवलं गेलं. आत्या, हे तुला फोनवर सांगायचं राहिलं होतं.

मूळ कॅसेटची काहीही न करता काढलेली फाइल मी ग्रुपवर टाकली आहे, ती प्रत्येकाने उतरवून ठेवा. ती फक्त ए साइडची आहे. बी साइडवर कुणीतरी नंतर सिनेमाची गाणी भरली. पण काकांनी तेव्हा एक कॉपी करून सोलापूरला पाठवली होती असं आई म्हणते. सोलापूरकरांनी कृपया माळ्यावर बघावं. बुरशी असली तरी चालेल, फक्त स्वतः वाजवून बघू नका, तशीच पाठवा.