दुकाने पाडून खोल्या : कोणासाठी?

छत्रपती संभाजीनगर महानगरपालिकेने २०२५ च्या जून-जुलै महिन्यांत शहराच्या प्रमुख रस्त्यांवर पाडापाडीची मोठी मोहीम चालविली. मुकुंदवाडीपासून सुरू झालेली ही मोहीम पडेगाव-मिटमिटा रस्त्यावरही पोहोचली. दौलताबाद आणि वेरूळकडे जाणाऱ्या या हमरस्त्याच्या दुतर्फा उभी असलेली शेकडो बांधकामे यंत्रांनी भुईसपाट केली. त्यांत किराणा दुकाने होती, गॅरेजे होती, केशकर्तनालये होती, चहाची हॉटेले आणि खानावळी होत्या. विकास आराखड्यातील रस्ता मोकळा झाला, असे प्रशासनाने समाधानाने सांगितले. रस्ता मोकळा झाला हे खरे. परंतु त्या रस्त्यावर पोट भरणारी माणसे कोठे गेली, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही आराखड्यात नाही.

रस्ता रुंद होऊ नये असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. जडवाहने, एस. टी. गाड्या आणि पर्यटकांच्या मोटारी ज्या रस्त्यावरून अहोरात्र धावतात, तेथे पादचाऱ्याच्या जिवाचे मोल आहेच. प्रश्न रुंदीकरणाचा नसून त्याचा भार कोणी वाहायचा आणि लाभ कोणाच्या पदरात पडायचा, याचा आहे.

१९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली आणि भोवतालची खेडी शहराच्या हद्दीत ओढली गेली. पडेगाव हे त्यांपैकीच एक. खेड्याला शहराचा कर लागला, पण शहराचे नियोजन मात्र वर्षानुवर्षे लाभले नाही. औद्योगिक वसाहतींत राबणारा कामगार, दुष्काळाने गाव सोडून आलेला शेतमजूर, छावणीच्या आश्रयाने लहानसहान धंदा करणारा कारागीर यांना परवडतील अशी पुरेशी घरे शासनाने वेळेवर बांधली नाहीत. तेव्हा त्यांनी शेतजमिनीचे एक-दोन गुंठे बाँड पेपरवर विकत घेतले, पुढच्या खोलीत दुकान थाटले आणि मागच्या खोलीत संसार मांडला. गुंठेवारी म्हणतात ती हीच. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने आणि त्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने अशी बांधकामे नियमित करण्याचा मार्ग शासनाने स्वतःच मान्य केला. ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्या कक्षेत आणली. म्हणजे ही वस्ती शासनाच्या नियोजनशून्यतेतून जन्मली, हे शासनालाच कबूल आहे. असे असताना मोहिमेच्या दिवशी परवानगीचा कागद मागायचा आणि तो नाही म्हणून मोबदलाही नाकारायचा, यात न्याय कोठे आहे?

आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांनी विसरू नये. एप्रिल २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ज्या काळात सर्वांत मोठी पाडापाडी झाली, त्या काळात सामान्य दुकानदाराची बाजू सभागृहात मांडणारा एकही लोकनियुक्त नगरसेवक नव्हता. लोकशाही गोठविली की पहिला घाव नेहमी लहान माणसावर बसतो, हा धडा नवा नाही.

आता पुढील अंकाकडे पाहू. रस्ता रुंद झाला की कडेच्या जमिनीचा भाव चढतो. काल ज्या जागेवर पत्र्याचे दुकान होते, तेथे उद्या चार-पाच मजले चढविण्याचा हिशेब मांडला जाणार, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नाही. आणि विद्यापीठाच्या शहरात असा हिशेब मांडताना सर्वांत किफायतशीर ठरते ती विद्यार्थ्यांची वसतिव्यवस्था. कुटुंबाला खोली दिली तर एक भाडे मिळते. त्याच खोलीत ‘कॉट बेसिस’वर चार मुले ठेवली तर चार भाडी मिळतात. शिवाय मुले दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, त्यामुळे भाडे वाढविण्यास कोणाची आडकाठी नाही आणि कोणाचा हक्कही जडत नाही. ‘विद्यार्थ्यांची सोय’ हे नाव दिले की या व्यवहाराला लोकसेवेची झूलही चढविता येते.

विद्यार्थ्यांना निवारा हवा, याबद्दल दुमत नाही. मराठवाड्याचा शिक्षणाचा इतिहासच मुळी गाव सोडून आलेल्या मुलांचा इतिहास आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले आणि १९५८ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. ज्यांच्या घराण्यात कोणी शाळेची पायरी चढले नव्हते अशी मुले त्यानंतर येथे आली, ती वसतिगृहांच्या आधारावर. आजही बीड, जालना, धाराशिवकडून मुले-मुली याच शहरात येतात. परंतु त्यांच्यासाठी शासनाने काय केले?

अनुसूचित जातींच्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना सुरू झाली. या शहराच्या वर्गवारीतील विद्यार्थ्यासाठी तिच्यात वर्षाला ५१,००० रुपये ठरविले गेले : भोजनासाठी २८,०००, निवासासाठी १५,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. निवासाचे १५,००० रुपये म्हणजे महिन्याला अवघे १,२५०. इतर मागासवर्गीयांसाठी पुढे आलेली आधार योजनाही त्याच धर्तीवर बेतलेली आहे. दुसरीकडे, जून २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने शिक्षणसंस्थांच्या आवाराबाहेरील वसतिगृहांना करमाफी दिली, तेव्हा माफीची मर्यादा धरली ती दरमहा दरडोई २०,००० रुपयांची. करमाफी देऊ नये असे नव्हे. परंतु गरीब विद्यार्थ्याच्या खोलीचा खर्च एका कागदावर सव्वा हजार धरायचा आणि वसतिगृहचालकाला दिलासा देताना दुसऱ्या कागदावर वीस हजारांपर्यंत हात सैल सोडायचा, यातून राज्यकर्त्यांच्या मनात कोणता विद्यार्थी वास करतो ते स्पष्ट होते.

राज्यात इतर मागासवर्गीय मुलामुलींसाठी ७२ वसतिगृहे काढण्याचा निर्णय गाजावाजाने झाला. ती सुरू झाली तीही भाड्याच्या इमारतींत. शासनाचा पैसा अशा रीतीने वर्षानुवर्षे खासगी घरमालकाच्या तिजोरीत जातो आणि शेवटी सरकारच्या मालकीची एक वीटही उभी राहत नाही. पडेगावात उद्या ज्या इमारती उठतील, त्यांना असे सरकारी भाडे मिळावे म्हणून धावपळ झाली तर आश्चर्य वाटू नये. गरिबाचे दुकान हटवून मोकळ्या झालेल्या रस्त्यालगत धनिकाने इमारत बांधायची आणि तिचे भाडे गरीब विद्यार्थ्याच्या नावे काढलेल्या निधीतून वसूल करायचे, हे चक्र पूर्ण होईल.

या ठिकाणी एक फसवे भांडण उभे केले जाण्याचा धोका आहे. ‘दुकानदार हटत नाहीत म्हणून मुलांना खोल्या मिळत नाहीत’ असे एकाला सांगायचे आणि ‘मुलांसाठी तुमची दुकाने गेली’ असे दुसऱ्याला. वस्तुतः हे दोघे एकाच घरातले आहेत. पंक्चर काढणाऱ्याची मुलगी महाविद्यालयात जाते आणि परगावचा मुलगा त्याच रस्त्यावरच्या खानावळीत उधारीवर जेवतो. स्वाधारचा हप्ता लांबला की महिना-दोन महिने वहीवर नाव लिहून घेणारा किराणा दुकानदार त्याला सांभाळतो. नव्या चकचकीत इमारतीतले दुकान उधारीची वही ठेवत नाही. विद्यार्थ्याला स्वस्त राहणे हवे असेल, तर त्याच्याभोवती स्वस्त बाजारही टिकला पाहिजे.

अर्थात लहान दुकानदाराचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्याच्यातही नोकराला किमान वेतन न देणारे आहेत, दुकानाच्या मागे दोन खोल्या काढून मुलांकडून वाटेल ते भाडे उकळणारे आहेत. चळवळीने त्यांनाही जाब विचारला पाहिजे. परंतु म्हणून संपूर्ण वर्गाला बुलडोझरच्या स्वाधीन करणे हा समाजवाद नव्हे.

मुंबईच्या गिरणगावाचा अनुभव ताजा ठेवावा. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकाला, असे सूत्र घातले. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती मर्यादित केली आणि सार्वजनिक वाटा एका शब्दाच्या फेरफाराने आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. लोकहिताची भाषा प्रस्तावनेत ठेवायची आणि मालकाचे हित तळटीपेत साधायचे, ही रीत पडेगावातही अवलंबिली जाणार नाही कशावरून?

कायदा सर्वस्वी लहान माणसाच्या विरोधात आहे असेही नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे इमारत पाडून नवी बांधण्यासाठी मालकाला भाडेकरू काढावयाचा असेल, तर नव्या इमारतीत त्याला जवळजवळ तेवढ्याच क्षेत्राची जागा देण्याची हमी न्यायालयात द्यावी लागते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण पूर्ण होण्यापूर्वी विक्रेत्याला हटविण्यास मनाई केली आहे आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या आहेत. अडचण अशी, की अकरा महिन्यांच्या करारावर बसलेल्या दुकानदाराला पहिल्या कायद्याचा आधार मिळत नाही आणि दुसरा कायदा हातगाडीवाल्यापर्यंत कोणी पोहोचविलाच नाही. हे काम शासन आपण होऊन करणार नाही.

म्हणून पक्षाच्या कार्यकर्त्यांनी पडेगावच्या प्रश्नावर पुढील मागण्या घेऊन उभे राहिले पाहिजे. रस्त्यात ज्यांची उपजीविका गेली त्यांची, मालक, भाडेकरू आणि फेरीवाले या तिन्हींची, यादी महापालिकेने जाहीर करावी. गुंठेवारी नियमित होण्यास पात्र असलेल्या बांधकामाला केवळ कागद नाही म्हणून मोबदला नाकारू नये. या रस्त्यालगत नव्या इमारतींना परवानगी देताना तळमजल्यावरील गाळ्यांवर जुन्या दुकानदारांचा पहिला हक्क राहील आणि गाळ्याचे भाडे त्यांना पेलेल, अशी अट घालावी. विद्यार्थ्यांची वसतिगृहे शासनाने आपल्या जमिनीवर, आपल्या मालकीची बांधावी. आणि तोवर निवासभत्ता प्रत्यक्ष भाड्याशी जोडावा व वर्षारंभीच हातात द्यावा.

या मागण्यांसाठी दुकानदारांचा वेगळा मोर्चा आणि विद्यार्थ्यांचा वेगळा मोर्चा काढून भागणार नाही. दोघांची एकच समिती व्हावी आणि तिची बैठक त्याच रस्त्यावर भरावी. जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाला आता प्रशासकाचे निमित्त पुढे करता येणार नाही. प्रत्येक नगरसेवकाला प्रभागात उभे करून विचारले पाहिजे : पडेगावच्या रस्त्यावर जे उभे राहणार आहे त्यात कालच्या दुकानदाराचा गाळा किती, गरीब विद्यार्थ्याची खोली किती आणि बिल्डरचा नफा किती? या तीन आकड्यांचा हिशेब लोकांसमोर मांडला जाईपर्यंत कार्यकर्त्यांनी रस्ता सोडू नये.